यमक जुळणाऱ्या इंग्रजी शब्दांचे अर्थ आणि मूळ शोधताना: क्रम, पडताळे आणि नेहमीच्या चुका

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील मराठी शाळांच्या भित्तिपत्रकांत, वार्षिक हस्तलिखितांत आणि अलीकडे मोबाइलवरील गटांत ‘इंग्रजी शब्दांच्या गमतीजमती’ या धर्तीचा मजकूर वारंवार दिसतो. ‘होकस-पोकस’, ‘विली-निली’, ‘हॉजपॉज’ असे यमक साधणारे शब्द, त्यांचे अर्थ आणि त्यांच्या उगमाच्या कथा त्यात दिलेल्या असतात, आणि त्या कथांपैकी पुष्कळशा चुकीच्या असतात. ही चूक माहिती मिळत नाही म्हणून होत नाही, तर क्रम उलटा धरल्यामुळे होते. आधी कथा हाती लागते, मग तिला साजेल असा अर्थ लावला जातो आणि कोश उघडण्याची वेळ सर्वांत शेवटी येते किंवा येतच नाही. यमकावरून शब्दाचा आजचा उच्चार कळतो, त्याचे मूळ कळत नाही, ही एक गोष्ट गृहीत धरून पुढील टप्पे आखले आहेत. ते याच क्रमाने घ्यावेत.

तयारी

एका वहीत सहा रकाने आखावेत: शब्द, उच्चार, आजचा अर्थ, सर्वांत जुने रूप व त्याचा काळ, मूळ भाषा, आणि खात्रीची पातळी. शेवटचा रकाना बहुतेक जण आखत नाहीत, आणि नेमका तोच सर्वांत उपयोगी पडतो. त्यात ‘निश्चित’, ‘बहुधा’, ‘तर्क’ आणि ‘अज्ञात’ यांपैकी एकच शब्द लिहावा.

कोश किमान दोन हवेत. एक उच्चार ऐकवणारा किंवा उच्चारचिन्हे देणारा असावा आणि दुसरा व्युत्पत्ती व काळ देणारा असावा. ऑक्सफर्डच्या मोठ्या ऐतिहासिक कोशात प्रत्येक अर्थाखाली जुन्यापासून नव्यापर्यंत अवतरणे लावलेली असतात, त्यामुळे अर्थ कोणत्या वळणाने गेला हे एका नजरेत दिसते. परंतु त्याच्या ऑनलाइन आवृत्तीला वर्गणी लागते. मेरियम-वेबस्टर आणि एटिमऑनलाइन विनामूल्य उघडता येतात आणि शालेय कामाला ते पुरेसे आहेत. मराठी किंवा संस्कृत शब्दाशी तुलना करायची असल्यास मोल्सवर्थचा कोश जवळ असावा. कन्नड शब्दाशी तुलना करायची असल्यास किटेलचा १८९४ चा कन्नड-इंग्रजी कोश पाहावा. ‘हा शब्द आपल्याकडूनच गेला’ असे म्हणण्यापूर्वी तरी हे दोन कोश उघडलेच पाहिजेत.

कोशातील बारीक खुणांचा अर्थ आधीच समजून घ्यावा. एखाद्या रूपाआधी तारका असेल, तर ते रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नसून अभ्यासकांनी तुलनेने उभे केलेले आहे, असे समजावे. ‘प्रॉबॅब्ली’ आणि ‘परहॅप्स’ हे शब्द शोभेसाठी नसतात. पहिल्यात भरवसा बराच असतो, दुसऱ्यात थोडा. ‘कंपेअर’ असे लिहिले असेल तर पुढचा शब्द तुलनेसाठी दिलेला आहे, मूळ म्हणून नव्हे. मराठीत उतरवून घेताना या तिन्ही खुणा गळतात आणि कोशाने शंकेने मांडलेली गोष्ट आपल्या वहीत ठाम होऊन बसते.

टप्पा १: यमक कानाने ठरवावे

यमक म्हणजे शेवटच्या आघातयुक्त स्वरापासून शब्दाच्या अखेरीपर्यंत उच्चार सारखा असणे आणि त्या स्वराआधीचे व्यंजन वेगळे असणे. इंग्रजीत हे लेखनावरून ठरवता येत नाही. ‘कॉफ’, ‘टफ’, ‘दो’, ‘थ्रू’ आणि ‘बाउ’ या पाचही शब्दांच्या शेवटी ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे त्याच क्रमाने येतात, पण त्यांपैकी कोणत्याही दोघांचे यमक जुळत नाही. जुन्या इंग्रजीत या जागी घशातून निघणारा, ‘ख’च्या जवळचा घर्षणाचा ध्वनी होता. पुढे तो काही शब्दांत ‘फ’ झाला, काहींत लोपला, आणि लेखन मात्र जुनेच राहिले.

देवनागरी लेखनावर विसंबणेही तितकेच धोक्याचे आहे. मराठीत आपण ‘विकणे’ या अर्थाचा शब्द ‘सेल’ लिहितो आणि ‘विक्री’ या अर्थाचाही ‘सेल’च लिहितो, ‘सांगणे’ आणि ‘शेपूट’ हे दोन्ही ‘टेल’ होतात. कागदावर चारही शब्दांचे यमक जुळते, प्रत्यक्षात मात्र त्यांच्या दोन वेगळ्या जोड्या आहेत, कारण ‘विकणे’ आणि ‘सांगणे’ यांतील ‘ए’ ऱ्हस्व आहे, तर ‘विक्री’ आणि ‘शेपूट’ यांतील दीर्घ आहे. कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’साठी स्वतंत्र अक्षरे असतात. त्यामुळे कन्नड वाचता येणाऱ्या सीमाभागातील विद्यार्थ्याला हा भेद पुण्यातील विद्यार्थ्यापेक्षा लवकर पकडता येतो, आणि ही सोय त्याने जरूर वापरावी. उलट बाजूने ‘ऑ’च्या बाबतीत कन्नड लेखन दगा देते. एकाच पाटीवर मराठीत ‘कॉलेज’ आणि कन्नडमध्ये ‘कालेजु’ असे वाचायला मिळते. इंग्रजी यमक ठरवताना दोन्ही लेखने बाजूला ठेवावीत आणि कोशातील ध्वनिमुद्रण ऐकावे.

जी यमके आज फक्त डोळ्यांना दिसतात, त्यांच्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ‘फूड’, ‘गुड’ आणि ‘ब्लड’ या तिन्ही शब्दांत दोन ओ आहेत, कारण जुन्या इंग्रजीत तिन्हींचा स्वर दीर्घ ‘ओ’ हाच होता. तो पुढे ‘ऊ’ झाला. नंतर ‘ब्लड’मधला लवकर आखूड होऊन ‘अ’कडे गेला, ‘गुड’मधला उशिरा आखूड झाला आणि ‘फूड’मधला दीर्घच राहिला. अशा शब्दांपुढे वहीत ‘जुने यमक’ अशी खूण करावी.

पडताळा: दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून घ्यावेत आणि दुसऱ्या कोणाला तरी पाठ फिरवून ऐकायला सांगावे. लेखन न पाहता त्याला यमक वाटले, तरच शब्द पुढच्या टप्प्यावर न्यावा.

टप्पा २: शब्दाचा प्रकार ठरवावा

सुटे शब्द परस्परांशी यमक जुळवत असतील, जसे ‘नाइट’ आणि ‘लाइट’, तर त्यांचा विचार पाचव्या टप्प्यात आहे. एकाच जोडशब्दाचे दोन भाग यमक जुळवत असतील, तर आधी पुढीलपैकी कोणता प्रकार आहे ते ठरवावे.

काही जोडशब्दांत दोन्ही भाग अर्थपूर्ण असतात. ‘बिगविग’ म्हणजे बडी असामी. अठराव्या शतकाच्या सुमारास इंग्लंडमधील प्रतिष्ठित पुरुष मोठे केसांचे टोप घालत, त्यावरून हा शब्द आला. ‘क्लॅपट्रॅप’ हा रंगभूमीवरचा शब्द आहे. प्रेक्षकांच्या टाळ्या पकडण्यासाठी नाटकात लावलेला सापळा, म्हणजे टाळीचे वाक्य, असा त्याचा पहिला अर्थ होता, आणि आजचा अर्थ पोकळ, दिखाऊ बोलणे असा आहे. काही जोडशब्दांत एकच भाग अर्थपूर्ण असतो आणि दुसरा केवळ नादासाठी जोडलेला असतो: ‘सुपर-डुपर’, ‘टीनी-वीनी’. येथे ‘डुपर’चे मूळ शोधण्यात वेळ घालवू नये, कारण शोधण्यासारखे तेथे काही नाही. काही जोडशब्दांत कोणताच भाग अर्थपूर्ण नसतो. ‘हीबी-जीबीज’ म्हणजे अंगावर काटा आणणारी अस्वस्थता. हा शब्द १९२३ साली बिली डीबेक या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या चित्रमालिकेत छापून आला.

चौथा प्रकार फसवा आहे. तो वरवर तिसऱ्या प्रकारासारखा, म्हणजे निव्वळ नादमय दिसतो, पण आत एखादे जुने वाक्य, परभाषेतील शब्द किंवा माणसाचे नाव दडलेले असते. ‘विली-निली’, ‘पेल-मेल’, ‘हॉबनॉब’, ‘हॉजपॉज’, ‘नॅम्बी-पॅम्बी’ हे सगळे येथे बसतात. शब्द तिसऱ्या प्रकारात टाकण्याआधी तो चौथ्यातला नाही याची खात्री करावी, कारण ‘नुसताच नाद आहे’ असे म्हणून सोडून दिलेल्या शब्दांतच खरी मजा असते.

‘झिगझॅग’, ‘चिटचॅट’, ‘फ्लिपफ्लॉप’ हे शब्द या यादीत घेऊ नयेत. त्यांत यमक नाही; व्यंजने तीच राहून मधला स्वर बदलतो आणि ‘इ’ नेहमी आधी येतो. ‘चिटचॅट’बद्दल आणखी एक सूचना द्यावीशी वाटते. इंग्रजीत ‘चिट’ या नावाचा एक शब्द आपल्या ‘चिठ्ठी’वरून गेलेला आहे, हे खरे, परंतु ‘चिटचॅट’मधला ‘चिट’ तो नव्हे. तो ‘चॅट’चीच स्वर बदलून केलेली आवृत्ती आहे.

खबरदारी: मराठीत ‘चहाबिहा’, ‘पुस्तकबिस्तक’ असे ‘बि’ लावून, तर कन्नडमध्ये ‘ऊट-गीट’ असे ‘गि’ लावून ‘वगैरे’चा अर्थ आणला जातो. या भागात दोन्ही रूपे दिवसभर कानांवर पडत असल्याने इंग्रजी जोडशब्दांनाही तोच अर्थ लावण्याचा मोह होतो. ‘सुपर-डुपर’चा अर्थ ‘सुपर वगैरे’ असा नाही. तेथे यमकाने अर्थाला जोर आणला आहे.

टप्पा ३: आजचा अर्थ आणि त्याची जागा नोंदवावी

हा टप्पा लहान आहे, पण वगळू नये. आजचा अर्थ किमान दोन वाक्यांतून पाहावा आणि तो शब्द कोठे चालतो, कोठे चालत नाही, हेही लिहावे. ‘हँकी-पँकी’ हा शब्द हलक्या सुरात, लबाडी किंवा चोरटे संबंध यांसाठी येतो. अर्जात किंवा निवेदनात तो चालणार नाही. ‘मम्बो-जम्बो’ म्हणजे अर्थहीन बडबड; हा शब्द दुसऱ्यांच्या धर्मविधींना उद्देशून वापरल्यास अपमानकारक ठरतो. ‘विली-निली’चे दोन अर्थ आहेत, ‘मनात असो वा नसो’ आणि ‘कसेही, वाटेल तसे’. त्यांपैकी पहिला अर्थ जुना आहे. दोन्ही नोंदवले नाहीत, तर पुढच्या टप्प्यात मूळ आणि अर्थ यांचा मेळ बसत नाही.

टप्पा ४: सर्वांत जुन्या रूपापर्यंत पायरी पायरीने जावे

येथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून एक शब्द तपशिलाने पाहू. ज्यांच्या घरी जमिनीच्या वाटणीचा दावा चालू आहे, त्यांनी वकिलाच्या तोंडून ‘हॉचपॉट’ हा शब्द ऐकला असण्याचा संभव आहे. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत सगळी मिळकत आधी एका ठिकाणी आणायची आणि मग हिस्से पाडायचे, या अर्थाने भारतीय न्यायालयांच्या निकालांत तो आजही येतो. ‘हॉजपॉज’ म्हणजे खिचडी, सरमिसळ, हा अर्थ विद्यार्थ्यांना माहीत असतो. मात्र दोन्ही शब्द एकच आहेत, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

कोशात ‘हॉजपॉज’ उघडल्यास ‘हॉचपॉच’चे बदललेले रूप असे लिहिलेले आढळते. बहुतेक जण येथे थांबतात आणि ‘हॉचपॉच’ला मूळ समजून वहीत लिहितात. थांबू नये. ‘हॉचपॉच’ उघडावे, ते ‘हॉचपॉट’चे बदललेले रूप आहे असे कळते. मग ‘हॉचपॉट’ उघडावे. तो जुन्या फ्रेंचमधील ‘होशपो’वरून आलेला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत: ‘होशे’ म्हणजे हलवणे आणि ‘पो’ म्हणजे भांडे. भांड्यात अनेक पदार्थ घालून हलवलेले कालवण हा स्वयंपाकघरातला अर्थ, आणि सगळी मिळकत एकत्र करून सारखी वाटणे हा मध्ययुगीन इंग्लंडच्या कायद्यातला अर्थ, असे दोन्ही जुन्या इंग्रजी लेखनात मिळतात.

आता तिन्ही पायऱ्या उलट क्रमाने वाचाव्यात. मुळात यमक नव्हतेच. ‘हॉच’ आणि ‘पॉट’ हे दोन वेगळे उच्चार होते. लोकांच्या तोंडी दुसरा भाग पहिल्यासारखा झाला, ‘पॉट’चा ‘पॉच’ झाला आणि भांडे दिसेनासे झाले. म्हणजे येथे यमक हा शब्दाचा उगम नसून त्याच्यावर नंतर चढलेले आवरण आहे. कायद्याच्या भाषेने जुने रूप जपले, म्हणून शोध सोपा झाला. वकिलांच्या, पुरोहितांच्या आणि खलाशांच्या भाषेत जुनी रूपे टिकतात, हे लक्षात ठेवावे.

‘विली-निली’ची वाट निराळी आहे. जुन्या इंग्रजीत ‘विल’ला नकाराचा ‘न’ जोडून ‘निल’ असे क्रियापद होते. ‘विल आय, निल आय’ म्हणजे ‘माझी इच्छा असो, नसो’. हे पूर्ण वाक्य झिजून जोडशब्द झाला. ‘हॉबनॉब’ही त्याच घडणीचा आहे: ‘असणे’ या क्रियापदाचे होकारार्थी ‘हॅब’ आणि नकारार्थी ‘नॅब’. आधी त्याचा अर्थ ‘लागले तर लागले’ असा होता, मग तो परस्परांना उद्देशून पेला उंचावण्याचा शब्द झाला आणि शेवटी बड्या लोकांत ऊठबस करणे असा अर्थ आला. दोन्ही शब्दांत नकाराचा तोच ‘न’ दिसतो, म्हणून त्यांची नोंद शेजारी शेजारी करावी.

‘पेल-मेल’ म्हणजे धांदलीने, गर्दी-गोंधळाने. त्याचे मूळ फ्रेंचमध्ये आहे; दुसरा भाग ‘मिसळणे’ या क्रियापदाचा आहे आणि पहिला भाग फ्रेंचमध्येच नादासाठी जोडलेला आहे. लंडनच्या ‘पॅल मॅल’ रस्त्याशी त्याचा संबंध जोडतात, तो चुकीचा आहे. त्या रस्त्याचे नाव चेंडू आणि लाकडी हातोडा घेऊन खेळल्या जाणाऱ्या एका खेळावरून पडलेले आहे.

पडताळा: कोशातील नोंदीत ‘अमुक शब्दाचे बदललेले रूप’ असे दिसले, तर तो अमुक शब्द उघडल्याशिवाय पान बंद करू नये. परभाषेतील शब्द किंवा ‘मूळ अज्ञात’ यांपैकी काहीतरी हाती येईपर्यंत पुढे जात राहावे.

टप्पा ५: सुट्या शब्दांचे कूळ वेगवेगळे तपासावे

यमक जुळणाऱ्या सुट्या शब्दांची यादी करून तिला एकच मूळ देणे ही दुसरी मोठी चूक. प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे शोधावा, आणि एकाच लेखनाचे दोन शब्द असू शकतात हे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

‘लाइट’ हे याचे घरचे उदाहरण आहे. गावात वीज गेली की आपण ‘लाइट गेली’ म्हणतो, आणि बेळगावात ज्या पलटणीचे रेजिमेंटल केंद्र आहे तिला मराठा लाइट इन्फंट्री म्हणतो. लेखन एक, उच्चार एक, तरीही हे दोन शब्द आहेत. उजेड या अर्थाचा ‘लाइट’ संस्कृतमधील ‘रुच्’, ‘रोचते’ या चमकण्याच्या धातूचा सगोत्र, म्हणजे एकाच जुन्या मुळातून निघालेला नातलग, आहे. पायदळाच्या नावातला ‘लाइट’ म्हणजे हलका, चपळ. तो ‘लघु’चा सगोत्र आहे. कोशात अशा शब्दांना वर छोटे अंक देऊन वेगळ्या नोंदी केलेल्या असतात. पहिलीच नोंद वाचून पान बंद केल्यास पलटणीच्या नावाचा अर्थ दिव्यावरून लावण्याची वेळ येते.

याच यमकातले आणखी शब्द पाहावेत. ‘नाइट’ म्हणजे रात्र हा ‘नक्त’चा सगोत्र आहे आणि ‘राइट’ म्हणजे सरळ, योग्य हा ‘ऋजु’चा. यांच्या लेखनातले जी-एच हे त्याच जुन्या घशातील ध्वनीचे अवशेष आहेत; जर्मनमध्ये ‘नाख्ट’, ‘लिख्ट’, ‘रेख्ट’ असा तो ध्वनी अजून ऐकू येतो. ‘काइट’चे यमक जुळते, पण त्यात जी-एच नाही, कारण तेथे तो ध्वनी कधी नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो घारीचे नाव होता आणि कागदी पतंगाला ते नाव घारीवरून मिळाले.

दुसरी मालिका ‘बेअर’, ‘टेअर’, ‘वेअर’ आणि ‘पेअर’ यांची घ्यावी. वाहून नेणे या अर्थाचा ‘बेअर’ हा ‘भृ’, ‘भरति’चा सगोत्र आहे आणि म्हणून आपल्या ‘भार’ शब्दाचाही दूरचा नातलग आहे. फाडणे या अर्थाचा ‘टेअर’ हा विदीर्ण करण्याच्या ‘दृ’ या धातूचा सगोत्र आहे. अंगावर घालणे या अर्थाचा ‘वेअर’ हा ‘वस्ते’, ‘वस्त्र’ यांच्या कुळातला आहे; मधल्या ‘स’चा इंग्रजीत ‘र’ झाला. ‘पेअर’ म्हणजे नासपतीसारखे फळ, ते मात्र लॅटिनमधून घेतलेले नाव आहे. अश्रू या अर्थाचा शब्द ‘फाडणे’सारखाच लिहिला जातो, पण त्याचा उच्चार ‘टिअर’ होतो आणि तो या मालिकेत बसत नाही. पहिला टप्पा नीट केलेला असेल, तर तो तेथेच बाजूला पडलेला असतो.

संस्कृतशी नाते सांगताना एक चाळणी वापरावी. सगोत्र शब्दांत व्यंजनांचा ठरावीक मेळ असतो, आणि तो याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये नियमरूपाने मांडला. संस्कृत ‘भ’च्या जागी इंग्रजीत ‘ब’ येतो, जसे भ्रातृ आणि ब्रदर. ‘प’च्या जागी ‘फ’, जसे पितृ आणि फादर. ‘द’च्या जागी ‘ट’, जसे दश आणि टेन. ‘त’च्या जागी ‘थ’, जसे त्रि आणि थ्री. वरचे ‘बेअर’ आणि ‘टेअर’ या चाळणीतून जातात. दोन भाषांतील शब्द अगदी हुबेहूब सारखे दिसत असतील, तर उलट अधिक संशय घ्यावा; बहुधा एकाने दुसऱ्याकडून उसना घेतलेला असतो किंवा साम्य योगायोगाचे असते.

खबरदारी: सगोत्र म्हणजे ‘संस्कृतवरून आलेला’ नव्हे. दोन्ही शब्द एका तिसऱ्या, अधिक जुन्या भाषेतून आपापल्या वाटेने आलेले असतात. ‘लाइट हा लघुवरून आला’ असे वाक्य वहीत असेल, तर ते खोडून ‘लाइट आणि लघु सगोत्र आहेत’ असे लिहावे.

टप्पा ६: यमकाने बदललेली आणि यमक गळालेली रूपे वेगळी काढावीत

कधी कधी यमकानेच लेखन बिघडवलेले असते. ‘डिलाइट’ या शब्दात ‘लाइट’ दिसतो आणि ‘आनंदाचा प्रकाश’ असे भाषणांत सांगितले जाते. प्रत्यक्षात हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि मुळात त्यात जी-एच नव्हते. ‘लाइट’शी यमक जुळते म्हणून सोळाव्या शतकात ती अक्षरे घुसली. त्याचे खरे नातलग ‘डिलिशस’ आणि ‘डिलेक्टेबल’ हे आहेत. ‘कुड’मधला न उच्चारला जाणारा एल असाच उपरा आहे. ‘वुड’ आणि ‘शुड’ यांत तो मुळापासून होता, कारण ती ‘विल’ आणि ‘शॅल’ यांची रूपे आहेत. ‘कॅन’च्या रूपात एल येण्याचे काही कारण नव्हते, शेजाऱ्यांचे पाहून तो लावला गेला.

याच्या अगदी उलट प्रकार लंडनच्या पूर्व भागातील बोलीत आढळतो. तेथे एकोणिसाव्या शतकात यमकावर आधारलेली गुप्त भाषा रूढ झाली. ‘हेड’ म्हणजे डोके, त्याच्याशी यमक जुळणारा शब्दसमूह ‘लोफ ऑफ ब्रेड’, आणि मग यमक जुळवणारा ‘ब्रेड’च गाळून नुसते ‘लोफ’ म्हणायचे. ‘यूज युवर लोफ’ म्हणजे डोके चालव. ‘लाइज’ म्हणजे थापा, त्यासाठी ‘पोर्क पाइज’ आणि त्यावरून ‘पोर्कीज’. अशा शब्दांत यमक दिसतच नाही, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने शोधल्यास पावाच्या गोलाईवरून डोके, असा सोयीचा पण खोटा अर्थ लावला जातो. कोशात ‘ऱ्हाइमिंग स्लँग’ असा शेरा आहे का, ते पाहावे.

पडताळा: न उच्चारले जाणारे अक्षर सर्वांत जुन्या रूपात आहे का? नसेल, तर त्या अक्षरावर कोणताही अर्थ उभा करू नये.

टप्पा ७: कथा आता तपासावी, आधी नव्हे

इथवर आल्यावरच कथेकडे वळावे. तिला तीन प्रश्न विचारावेत. कथेतील घटना आणि शब्दाची पहिली लिखित नोंद यांत किती अंतर आहे? कथेतून निघणारे रूप आणि सर्वांत जुने रूप जुळते का? आणि कोश स्वतः किती खात्रीने बोलतो?

‘नॅम्बी-पॅम्बी’ म्हणजे लेचेपेचे, गुळमुळीत. अँब्रोज फिलिप्स या कवीच्या बाळबोध ओळींची थट्टा करण्यासाठी हेन्री कॅरी यांनी १७२५ मध्ये हे टोपणनाव वापरले. ‘अँब्रोज’वरून ‘नॅम्बी’ आणि ‘फिलिप्स’मधील पहिल्या अक्षरावरून ‘पॅम्बी’. काळ, रूप आणि व्यक्ती तिन्ही जुळतात, म्हणून ‘निश्चित’ लिहावे.

‘होकस-पोकस’ची कथा सर्वांत लोकप्रिय आहे: चर्चमधील लॅटिन प्रार्थनेच्या ‘होक एस्ट कॉर्पुस’ या शब्दांची ती नक्कल आहे, असे सांगतात. हा तर्क जॉन टिलटसन या धर्मगुरूंनी १६९४ मध्ये मांडला; पण जादूगारांच्या तोंडचा खोटा लॅटिन मंत्र म्हणून हा शब्द त्याआधी काही दशके वापरात होता. तर्क शक्य आहे, पुरावा नाही. खात्रीच्या रकान्यात ‘तर्क’ असेच लिहावे, कथा कितीही आवडली तरी.

‘निटी-ग्रिटी’ म्हणजे कामाचा खरा बारीक तपशील. गुलामांच्या जहाजांच्या तळाशी उरणाऱ्या घाणीशी हा शब्द जोडणारी कथा खूप फिरते. शब्दाच्या लिखित नोंदी मात्र विसाव्या शतकातील, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीतील आहेत आणि मधल्या काळातला कोणताही दुवा मिळत नाही. पहिल्याच प्रश्नावर कथा बाद होते.

आपल्याकडचा म्हणून ‘हॉब्सन-जॉब्सन’ आवर्जून पाहावा. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन! या हुसेन!’ हा आक्रोश ब्रिटिश सैनिकांनी आपल्या ओळखीच्या दोन इंग्रजी आडनावांत बसवला आणि सणालाच ते नाव दिले. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये काढलेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाला हेच नाव दिले. आपल्या पट्ट्यातील कित्येक गावांत मोहरमला हिंदू घरेही सहभागी होतात, त्यामुळे मूळ घोष ऐकलेल्या विद्यार्थ्याला हा बदल समजावून सांगावा लागत नाही. परभाषेतील ध्वनी कानाला अनोळखी वाटला की ऐकणारा त्याला घरच्या शब्दांचे रूप देतो, आणि त्यात यमक जुळले तर ते रूप चिकटून राहते.

टप्पा ८: नोंद लिहावी

नोंदीचा क्रम असा असावा: देवनागरीत उच्चार, आजचा अर्थ, वापराची जागा, मूळ रूप व काळ, मधले टप्पे, खात्री. कथा द्यायची असल्यास शेवटी आणि ‘असे सांगितले जाते’ एवढे म्हणून न सोडता, कोशाचे मत जोडून द्यावी. नमुना म्हणून एक नोंद पुढे दिली आहे.

‘हॉजपॉज: निरनिराळ्या वस्तूंची सरमिसळ. अनौपचारिक लेखनात चालतो. कायद्याच्या लेखनात “हॉचपॉट” हे जुने रूप आणि मिळकत एकत्र आणण्याचा तटस्थ अर्थ. मूळ जुने फ्रेंच, “हलवणे” अधिक “भांडे”. “हॉचपॉट”वरून “हॉचपॉच”, त्यावरून “हॉजपॉज”, यमक नंतरचे. खात्री: निश्चित.’

नोंद अशी चार-पाच ओळींत बसत नसेल, तर बहुधा एकाऐवजी दोन शब्दांची माहिती त्यात मिसळलेली असते. ‘लाइट’प्रमाणे त्या वेगळ्या कराव्यात. ‘अज्ञात’ लिहिण्याचा संकोच बाळगू नये. ‘फडी-डडी’ किंवा ‘हाँकी-टाँक’ यांसारख्या शब्दांबाबत मोठे कोशही तेच लिहितात, आणि भित्तिपत्रकावर ती जागा रिकामी दिसते म्हणून तेथे एखादी कथा चिकटवण्याचे कारण नाही. भित्तिपत्रक लावण्यापूर्वी वहीतील ‘खात्री’ हा रकाना आणि कागदावरील मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. वहीत ‘तर्क’ असलेला शब्द कागदावर ‘निश्चित’ झालेला आढळला, तर कागद दुरुस्त करावा.